वरची दांडी कोणाची?

ब्रह्मा जातीचा पूर्ण वाढलेला कोंबडा पाच किलोच्या घरात जातो. सीब्राइट कोंबडा जेमतेम सहाशे ग्रॅमचा; त्याचं सोनेरी किंवा रुपेरी पीस न् पीस काळ्या रेघेने कोरलेलं. एका ब्रह्माच्या वजनात आठ सीब्राइट बसतील, आणि तरी जीवशास्त्राच्या लेखी दोघांची प्रजाती एकच! ही दोन टोकं एका खुराड्यात गुण्यागोविंदाने नांदतील का? नांदतात. पण कशी, हे कळायला आधी जंगलात जायला हवं.

पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. त्याचा नर साधारण एक किलोचा, मादी त्याहून हलकी. म्हणजे ज्यांना आपण बुटक्या जाती म्हणतो, त्या बँटमच मापाने पूर्वजाच्या जवळच्या. माणसाने अवाढव्य केलं ते ब्रह्माला. रानकोंबडा दिवसभर पाचोळा उकरतो आणि अंधारून आलं की झाडावर नाहीतर बांबूच्या बेटात चढून झोपतो. दिवस जमिनीवर, रात्र उंचावर, असं त्याचं आयुष्य. जड जातींचा देह वाढत गेला आणि पंखांना तो पेलवेनासा झाला. हलक्या बँटमकडे मात्र ती भरारी शिल्लक आहे.

खुराड्याची रचना इथेच ठरते. ब्रह्मासाठी दांडी रुंद आणि गुडघ्याच्याही खाली हवी, कारण उंचावरून धपकन उतरताना त्याच्या तळव्यांना मार बसतो आणि जखम चिघळून पाय सुजतात. सीब्राइटची दांडी वर, आढ्याजवळ. दिवसा कुणी अंगावर धावून आलं तरी तो एका झेपेत तिच्यावर जाऊन बसतो आणि भांडण तिथेच संपतं. छोट्यांना जागा कमी लागते हे खरं, पण त्यांना उंची द्यायला कंजूषपणा करू नये.

या कुटुंबात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. ब्रह्मासारख्या अनेक जातींच्या कातडीचा आणि पायांचा पिवळेपणा लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो दक्षिण भारतातल्या राखी रानकोंबड्याकडून आला, हे जनुकांच्या अभ्यासातून 2008 मध्ये पुढे आलं. पहाटे घाटातल्या रानात ज्याची बांग ऐकू येते, तोच हा पक्षी. परदेशातल्या एखाद्या वाडीत पिवळ्या पायांची कोंबडी माती उकरते, तेव्हा आपल्या डोंगरांचं देणं तिच्या अंगावर असतं!

आता खुराड्यातली सत्ता. नॉर्वेचे थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्या निरखत होते. कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि कळपात एक ठरलेली उतरंड असते हे 1920च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. ही उतरंड तराजूवर ठरत नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. वय, हिंमत, आधीपासूनचा मुक्काम, सगळंच मोजलं जातं. तिखट स्वभावाची बँटम मादी शांत ब्रह्मा मादीला दाण्यावरून हुसकावते. शिवाय कोंबड्या एकमेकींना चेहऱ्याने, त्यातही तुऱ्याने ओळखतात. प्रयोगात एखादीच्या तुऱ्याचं रूप बदललं, तर जुन्या मैत्रिणीही तिला परकी समजून टोचू लागतात. म्हणूनच नवी कोंबडी एकदम आत सोडत नाहीत. काही दिवस मध्ये जाळी असावी, म्हणजे ओळख आधी होते आणि झटापट थोडक्यात आटोपते.

झुबकेदार शेंडीच्या पोलिश कॅपला यात खरा धोका असतो. डोळ्यांवर पिसं आल्याने वार कुठून येतोय ते तिला दिसत नाही. त्यातून शेंडीखाली कवटीला हाडाचा फुगवटा असतो आणि बऱ्याचदा त्याला भोकं असतात. डार्विनने 1868 च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं आहे. तिथे जोराची एक चोच जिवावर बेतू शकते. सिल्कीची अडचण वेगळी. तिच्या पिसांचे धागे एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे तिला उडता येत नाही आणि पावसात ती कातडीपर्यंत भिजते. तिला वरची दांडी कुचकामी. कोरडा, खालचा कोपराच हवा. अशांसाठी फक्त त्यांनाच शिरता येईल एवढ्या दाराची पेटी ठेवावी, आत दाणा-पाणी. उरलेल्यांनाही दाण्याची भांडी दोन, एकमेकांपासून लांब.

मोठा नर मात्र छोट्या माद्यांत नकोच. पाच किलोचं धूड अर्ध्या किलोच्या पाठीवर चढलं, तर नखांनी कातडी फाटते. माद्यांचं जमतं. इतकं जमतं की सिल्की खुडूक बसली, तर तिच्याखाली ब्रह्माची अंडी खुशाल ठेवतात. सिल्की ती मनापासून उबवते. पिल्लं बघता बघता तिच्या पंखांबाहेर उरू लागतात, आणि तरीही तिने दाण्यासाठी साद घातली की धावत तिच्याकडेच येतात.