तुकडा कशात बुडवला?

चांदूर रेल्वेत गाठीचा तुकडा काढला, की तपासणीसाठी तो अमरावतीला नाहीतर नागपूरला न्यायचा. बाटली बहुधा नातेवाइकाच्याच पिशवीत असते. लॅब चांगली आहे ना, हे सगळे विचारतात. बाटलीत काय आहे, हे कुणी विचारत नाही. रिपोर्टचं बरंचसं भवितव्य मात्र तिथंच ठरतं.

शरीराबाहेर आलेल्या पेशी स्वतःच्याच रसांनी विरघळू लागतात. वऱ्हाडातल्या वैशाखात तर झपाट्यानं. हे थांबवतं फॉर्मालिन. 1893 साली जर्मनीत फर्डिनांड ब्लूम त्याची जंतुनाशक म्हणून चाचणी घेत होते. त्यात आपल्याच बोटांची कातडी कडक झालेली पाहून त्यांना हा गुण उमगला. फॉर्मालिन प्रथिनं एकमेकांना बांधून जागच्या जागी धरून ठेवतं.

पण सगळंच धरत नाही. ग्रंथीपेशी स्राव साठवतात आणि प्रत्येक स्रावाची तऱ्हा निराळी. मोठ्या आतड्यावरचा चिकट थर पाणीदार फॉर्मालिनमध्ये आक्रसतो. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि ॲसिटिक ॲसिडचं कार्नॉय द्रावण तो शाबूत ठेवतं. उलट लहान आतड्यातल्या पॅनेथ पेशींचे लालभडक दिसणारे कण ॲसिटिक ॲसिडनं नाहीसे होतात. म्हणजे एका पेशीचं औषध ते दुसरीचं विष! पेशी तिथंच असते, फक्त तपासणीत दिलेला रंग घेत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं, ती नाहीच.

स्तनाच्या गाठीत ही चूक महागात पडते. स्तन हीसुद्धा ग्रंथीच. कर्करोगाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत का, हे रंगावरूनच कळतं आणि टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या द्यायच्या की नाही, हे त्यावर ठरतं. तुकडा उशिरा किंवा अपुरा मुरला, तर ग्राहक असूनही ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. म्हणून नियम असा: तासाभरात तुकडा 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये जावा आणि 6 ते 72 तास मुरावा. द्रावण तुकड्याच्या दहापट हवं. साधं, आम्ल झालेलं फॉर्मालिन रक्ताशी मिळून काळपट डाग पाडतं. सलाइनमध्ये तर तुकडा निव्वळ सडत राहतो.

मोठी गाठ अख्खीच बुडवली तर द्रावण गाभ्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. ते तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरतं. अशी गाठ आधी चिरावी लागते, आणि ते काम डॉक्टरांचंच. नातेवाइकानं गाडी पकडण्याआधी एवढंच पाहावं, की तुकडा कधी काढला आणि कधी बुडवला, या दोन्ही वेळा कागदावर लिहिल्या आहेत.