क्रोमवर क्रोम कशासाठी?

रस्ता खणणाऱ्या यंत्राचा हात वर-खाली होताना आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या हाताला जोडलेले एक जाड नळकांडे असते आणि त्यातून आरशासारखा चकचकीत दांडा आत-बाहेर सरकतो. सारे यंत्र चिखलाने माखलेले, पण दांडा मात्र लख्ख! ही चकाकी शोभेची नाही. नळकांड्याच्या तोंडाशी बसवलेले सील दाबाखालच्या तेलाला अडवून धरते. दांड्यावर बारीक ओरखडा जरी पडला, तरी प्रत्येक फेरीला तो सील खरवडत राहतो आणि तेल गळू लागते.

असे बहुतेक दांडे मध्यम कार्बनच्या पोलादाचे असतात व त्यांवर क्रोमियमचा कठीण मुलामा असतो. बोटींवर किंवा समुद्राच्या खाऱ्या हवेत मात्र स्टेनलेस स्टीलचे दांडे वापरतात; त्यांनाही पुष्कळदा क्रोमचाच मुलामा देतात. येथे एक प्रश्न पडतो. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतेच. ३०४ या नेहमीच्या प्रकारात ते सुमारे १८ टक्के असते. मग वरून पुन्हा क्रोम कशासाठी?

याचे उत्तर असे की, दोन्ही ठिकाणी क्रोमियमचे काम वेगळे आहे. पोलादात विरघळलेले क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते व पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार करते. हा थर गंज रोखतो. पण ३०४ स्टील तसे मऊ असते. सतत घासले की त्यावर चरे पडतात. मुलाम्यातील क्रोमियम त्याच्या चार-पाच पट कठीण असते, म्हणून ते घर्षण सोसते. मग साध्या पोलादावरचा मुलामा खाऱ्या हवेत का पुरत नाही? कारण या मुलाम्यात सूक्ष्म भेगा असतात. त्यांतून खारे पाणी आत पोहोचलेच, तर खालचे पोलाद न गंजणारे असावे लागते. थोडक्यात, कातडी झीज सोसते आणि गाभा गंज सोसतो.

ही कातडी किती जाड असते? साधारण २० ते २५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. दांड्याच्या टोकाला आटे पाडायचे झाले, की लेथवर हीच कातडी आडवी येते. टूलचे टोक नुसते वरवर घासत राहिले तर ते लवकर बोथट होते. म्हणून टोकावरचा मुलामा आधी ग्राइंडिंगने काढतात. किंवा पहिलाच काप पुरेसा खोल घेतात, म्हणजे टूलचे टोक मऊ गाभ्यात राहते आणि क्रोम वरच्यावर उखडले जाते. गाभ्याचाही एक स्वभाव आहे. ३०४ स्टील दाबले-घासले गेले की जागीच कठीण होते. म्हणून टूल धारदार हवे, काप सलग हवा आणि शीतक द्रव भरपूर हवा. चकमध्ये दांडा धरताना जबड्यांखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा घालतात, नाहीतर जबड्यांचे व्रण कायमचे राहतात.

आता जोडाकडे वळू. नळकांड्याचा आतील व्यास ५० मिमी, दांड्याचा २५ मिमी आणि तेलाचा दाब २०० बार, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर २० न्यूटन, असे धरू. दांडा आत खेचताना तेलाला दट्ट्याचे १४७२ चौरस मिमी क्षेत्र मिळते. बल झाले सुमारे २९,४०० न्यूटन, म्हणजे ३ टन वजनाइतके! दांड्याच्या टोकाला वेल्ड केलेल्या कडीला एवढी ओढ सोसायची असते. जोड तुटला तर उचललेले ओझे खाली येते.

म्हणूनच क्रोमवर थेट वेल्डिंग कधीही करू नये. स्टेनलेस स्टील १४५० अंश सेल्सिअसच्या आत वितळते, तर क्रोमियमला सुमारे १९०० अंश लागतात. मुलाम्याचे क्रोमियम वितळलेल्या धातूत नीट मिसळत नाही. जोड ठिसूळ होतो व भेगा पडतात. जोडाच्या जागेचा आणि तिच्या आसपासचा मुलामा आधी पूर्ण काढावा लागतो. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वेगाने वाहते; ती एकाच जागी साठते आणि दांडा वाकतो. म्हणून थोडे थोडे, समोरासमोरच्या बाजूंना टाके घेत वेल्डिंग करतात. उरलेला दांडा ठिणग्यांपासून झाकून ठेवतात. सील जळू नये आणि आत कोंडलेल्या तेलाच्या वाफेचा स्फोट होऊ नये, म्हणून नळकांडे आधी सुटे करतात.

क्रोमियमचे तिसरे रूप मात्र डोळ्यांना सहज दिसत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट आपल्याला ठाऊक आहे. त्यात क्रोमियमची संयुजा सहा असते आणि म्हणूनच ते विषारी आहे. वेल्डिंगच्या प्रखर उष्णतेत क्रोमियमचा काही भाग याच सहा-संयुजी रूपात धुरात उतरतो. त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा सर्वच धूर कर्करोगकारक ठरवला. मुलामा काढून टाकला तरी स्टेनलेस स्टीलमधले क्रोमियम उरतेच. तेव्हा धूर जिथे निघतो तिथूनच ओढून घेणारा पंखा आणि योग्य गाळणीचा मास्क, दोन्ही हवेत. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही.

मूलद्रव्य एकच, पण गाभ्यात ते गंज रोखते, कातडीत झीज रोखते आणि धुरात जीव धोक्यात घालते. आपले काही विद्यार्थी उद्या आयटीआयमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये जातील. संयुजेचा धडा शिकवताना हा दांडा त्यांच्यासमोर ठेवावा, असे आम्हांला वाटते. फळ्यावरचा सहाचा आकडा त्यांच्या श्वासाशी जोडलेला आहे, हे त्यांना शाळेतच कळलेले बरे.