‘तुम्ही कुठे टॅक्स भरता?’

वस्तीत काम करताना हा टोमणा आम्ही नेहमी ऐकतो. शिष्यवृत्तीचा विषय निघाला की हमखास. त्यामागचा हिशेब समजून घेऊ.

२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. पुढे दर टप्प्याटप्प्याने चढतो. उपकर सोडला तर करपात्र १६ लाखांवर १ लाख २० हजार, म्हणजे साडेसात टक्के. २४ लाखांवर ३ लाख, म्हणजे साडेबारा टक्के. ज्याची कमाई जास्त, त्याचा वाटा जास्त. हे न्याय्यच आहे.

पण जीएसटी कमाई विचारत नाही. २३६ रुपयांच्या मोबाईल रिचार्जमध्ये ३६ रुपये कर असतो. महिना १२ हजार मिळवणारी सफाई कामगार ताई तेवढाच भरते, दोन लाख मिळवणारा साहेबही तेवढाच. झळ कोणाला जास्त?

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी हाच भेद मांडला होता: आयकर कमाई पाहून लागतो, शेतसारा मात्र लहान शेतकऱ्यालाही चुकत नाही.

आपण विवरणपत्र भरत नसू, कर मात्र रोज भरतो. म्हणून शिष्यवृत्ती ही खैरात नाही, आपला हक्क आहे.