सहीचा अधिकार

नाताळ जवळ आला की वऱ्हाडातल्या चर्चमध्ये तरुण संघाशिवाय पान हलत नाही. चांदण्या टांगायच्या, साउंड लावायचा, कॅरोल गात घरोघर फिरायचं, शब्बाथशाळेतल्या मुलांची नाटिका बसवायची, सगळं त्यांच्याच अंगावर. पण मंडळीची जमीन, बँकेतले पैसे, पाळकांचा पगार असे विषय निघाले की तीच मुलं एकदम ‘लहान’ होतात. माझ्या मते चर्चमधल्या तरुण नेतृत्वाची खरी परीक्षा इथेच होते: मत कोणाला, खजिना कोणाकडे आणि सही कोणाची?

याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. वाशीम वऱ्हाडातलंच. तिथलं 1938 साली सुरू झालेलं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल ज्या चर्च ऑफ द नाझरीनचं, त्याच्या मंडळ्या बुलढाणा, चिखलीकडेही आहेत. या चर्चच्या नियमावलीत पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या पूर्ण सभासदाला मंडळीच्या वार्षिक सभेत मत देता येतं. देशाच्या निवडणुकीत मत द्यायला अठरा वर्षं लागतात. इथे दहावीतली मुलगी चिठ्ठी टाकू शकते. शिवाय तरुणांच्या संघटनेचा अध्यक्ष पदसिद्ध म्हणून चर्च बोर्डावर बसतो. पाळक, शब्बाथशाळेचे प्रमुख, विश्वस्त यांच्या शेजारी त्याची खुर्ची असते, आणि ती कोणाच्या मेहरबानीवर अवलंबून नसते. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. खर्च मंजूर कसा होतो, दोन वडीलधाऱ्यांचं पटेनासं झालं की बैठक कशी सावरायची, हे विशीतला मुलगा किंवा मुलगी तिथे बसूनच शिकते. नियमाचं पुस्तक मात्र कपाटात राहिलं तर ती खुर्चीही रिकामीच राहते. तरुण संघानं ते मागून घेऊन वाचावं.

कॅथलिकांची रचना वेगळी. अमरावती धर्मप्रांत 1955 साली नागपूरपासून वेगळा झाला. 1983 च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे; पास्टोरल कौन्सिल मात्र बिशपना योग्य वाटल्यास नेमलं जातं आणि त्याचं मत सल्ल्यापुरतं असतं. ऑक्टोबर 2018 मध्ये रोमला खास तरुणांच्या विषयावर बिशपांची सिनड, म्हणजे धर्मसभा, भरली. तिथे तरुण बोलले, पण मतदान जवळजवळ सगळं बिशपांनी आणि मोजक्या धर्मगुरूंनीच केलं. 2023 च्या सिनडमध्ये बिशप नसलेल्या स्त्रीपुरुषांना मताचा हक्क मिळाला. त्यांत तरुणही होते. रोममध्ये दार इतकं उघडत असेल, तर धर्मग्रामाच्या अर्थसमितीत हिशेब समजणारी एखादी कॉमर्स पदवीधर मुलगी घ्यायला काहीच हरकत नाही.

वऱ्हाडातून तरुण बाहेर पडतात, हीसुद्धा अडचण आहेच. यवतमाळला 1953 मध्ये उभी राहिलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 साली पुण्याला गेली. धर्मशिक्षणासाठी पुणे, नोकरीसाठी पुणे किंवा नागपूर. मागे राहिलेल्यांवर भार वाढतो आणि कमिटीत तीच ती नावं वर्षानुवर्षं फिरत राहतात. म्हणून गावात राहिलेल्या तरुणाला लवकर आत घेणं मला तातडीचं वाटतं.

आणि मालमत्तेच्या कागदपत्रांचं कामही तरुणांना जमण्याजोगंच आहे. अलायन्स मिशन या मिशनरी संस्थेनं अकोल्याला मुख्य ठाणं केलं, त्याला शतक उलटून गेलं. अशा जुन्या मिशनांचे बंगले, शाळा आणि मोकळ्या जागा आज ऐन शहरात आल्या आहेत. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची जमीन विकता येत नाही. कलम 22 नुसार विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत त्या बदलाची माहिती देणारा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. निवडणूक झाली, तरुण नावं आली, आणि हा अर्ज राहून गेला, तर न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, म्हणजे शेड्युल वनवर, जुनीच नावं राहतात आणि वाद उद्भवला की कागद जुन्यांचीच बाजू घेतो. तेव्हा नव्या कमिटीच्या पहिल्याच बैठकीत चेंज रिपोर्टचा ठराव घ्यावा, अर्जाचे कागद नव्यानं निवडून आलेल्या तरुण सभासदाकडे सोपवावेत, आणि तो सातबारा व ऑडिटचा अहवाल घेऊन धर्मादाय कार्यालयात जाईल तेव्हा एखाद्या जुन्या विश्वस्तानं त्याच्यासोबत जावं.