गाडीचा ॲव्हरेज का पडला?

छोटी पेट्रोल गाडी असलेल्याला नातेवाईक, शेजारी, सहकारी कधी ना कधी विचारतातच, ‘ॲव्हरेज किती देते?’ उत्तर देताना अनेकांचा चेहरा उतरतो. माहितीपत्रकात लिटरला २२ किलोमीटर छापलेले असते, नवी असताना गाडी १७ देत होती आणि आता हिशेब केला तर १२ च्या पुढे जात नाही. मग उपाय सुरू होतात. कोणी एअर फिल्टर बदलतो, कोणी प्लग, कोणी पेट्रोल पंप. कोणी इथेनॉलला बोल लावून मोकळा होतो. गॅरेजमध्ये ‘इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या’ असा सल्ला मिळतो. चार-पाच हजार रुपये जातात आणि आकडा जिथल्या तिथे राहतो.

हा फरक किरकोळ नाही. वर्षाला ८,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला लिटरला १७ किलोमीटरने सुमारे ४७० लिटर पेट्रोल लागते, १२ ने सुमारे ६६५. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले तर वर्षाला वीस हजार रुपये जादा. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे या जादा पेट्रोलापोटी साडेचारशे किलो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घटलेले मायलेज कधी कधी धोकादायक बिघाडाची पहिली खूण असते. ताप आला की औषधाआधी कारण शोधावे लागते, तसेच इथेही करावे लागते. त्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुरते: प्रत्येक कारण मायलेज किती खाऊ शकते याला मर्यादा आहे. दोन टक्क्यांचे कारण तीस टक्क्यांची घट घडवू शकत नाही.

आधी नीट मोजा

‘पाचशेचे टाकले, तीन दिवस पुरले’ हे मोजमाप नव्हे. डॅशबोर्डवरचा आकडाही अंदाजच असतो आणि तो बऱ्याचदा थोडा चढा दाखवतो. खरी पद्धत जुनीच आहे. टाकी फुल्ल करायची, नोझल आपोआप बंद पडले की थांबायचे, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसेच भरायचे आणि चाललेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागायचे.

दर वेळी टाकी अगदी त्याच पातळीपर्यंत भरत नाही. दहा लिटर भरताना एका लिटरचा फरक पडला तर उत्तर दहा टक्क्यांनी चुकते. तीस लिटर भरताना तीनच टक्क्यांनी. म्हणून टाकी बरीच रिकामी होऊ द्यावी आणि तीन टाक्यांची सरासरी काढावी. पंपावर माप कमी मिळते अशी शंका असेल तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप प्रत्येक पंपावर असते. ग्राहक त्यात पेट्रोल मोजून मागू शकतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते, म्हणजे अर्धा टक्का.

मूळ मापाचे टायर बदलून मोठे टायर बसवले असतील तर आणखी एक गंमत होते. मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, पण मीटर फेऱ्याच मोजतो. त्यामुळे गाडी चालते जास्त आणि किलोमीटर नोंदवले जातात कमी. मायलेज प्रत्यक्षात जेवढे पडले असेल त्याहून जास्त पडल्यासारखे दिसते.

२२ चा आकडा कुठला?

माहितीपत्रकातला आकडा रस्त्यावरचा नसतो. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे चालवली जाते. ही चाचणी सुमारे वीस मिनिटांची. त्यात कमाल वेग ९० किलोमीटर, सरासरी वेग तासाला ३०-३५ किलोमीटर, एसी बंद. ना खड्डे, ना चढ, ना गणपतीतली गर्दी. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे, पण शहरात तो मिळत नाही म्हणून गाडी बिघडली असे होत नाही. तुलना करायची ती त्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी.

एक लिटर जाते कुठे?

एका लिटर पेट्रोलात साधारण नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. तिचा मोठा भाग सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता बनून निघून जातो. शहरातल्या चालवण्यात चाकांपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा पोचतो. त्यातूनच टायरचे घर्षण, हवेचा विरोध आणि दर वेळी गाडीला पुन्हा वेग देणे ही कामे भागवावी लागतात.

यातले शेवटचे काम शहरात सर्वात महाग पडते. चालकासह हजार किलोची गाडी शून्यावरून ५० च्या वेगाला न्यायला सुमारे १२ मिलिलिटर पेट्रोल खर्ची पडते, म्हणजे दोन-अडीच चमचे. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की त्या पेट्रोलातून मिळालेला वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपतो. शिवाय उभ्या गाडीचे इंजिन तासाला सुमारे अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते. सिग्नलवर आणि कोंडीत मिळून दहा मिनिटे गेली की दीड-दोन किलोमीटर चालण्याइतके इंधन जागेवरच संपते. त्यात एसी चालू असेल तर आणखी भर. मंद रहदारीत छोट्या इंजिनाला एसीचा भार जास्त जाणवतो.

महामार्गावर हिशेब उलटतो. तिथे थांबणे कमी, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेले की हा विरोध दीडपटीहून अधिक होतो. टपावर सामानाचा कॅरिअर असेल तर त्याची भर वेगळी.

गाडी बदलली की वापर?

पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. समजा, कोथरूडमधले एक कुटुंब. घरातले आजोबा नोकरीत होते तेव्हा गाडी रोज चाकणला जायची. आता ते निवृत्त झाले. गाडी भाजी आणायला, नातवाला शाळेत सोडायला, बँकेत जायला निघते. फेरी तीन-चार किलोमीटरची. इंजिन नीट गरम होण्याआधीच प्रवास संपतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीतला संगणक सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो. ऑइलही घट्ट असते. अशा तुटक फेऱ्यांनी निरोगी गाडीचा आकडाही धाडकन खाली येतो. इथे एकही सुटा भाग बदलून उपयोग नाही. चार कामे एका फेरीत उरकणे हाच इलाज.

हे तपासण्याची सोपी रीत आहे. सुटीच्या दिवशी पहाटे टाकी फुल्ल करून ७०-८० च्या स्थिर वेगाने दीड-दोनशे किलोमीटरचा फेरफटका मारावा. पुण्याहून साताऱ्याला जाऊन परत यावे. गाडी निघाली त्याच उंचीवर परतते, त्यामुळे चढ-उतार बरेचसे वजा होतात. परतल्यावर त्याच पंपावर टाकी भरावी. पूर्वी महामार्गावर मिळत होता तेवढा आकडा आला तर गाडी ठणठणीत आहे, पेट्रोल शहर खाते आहे. महामार्गावरही आकडा चौथ्या हिश्शाने घसरला असेल तर बिघाड शोधायला हवा.

या फेरीत घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नये. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोलचा पुरवठा बंद होतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला पेट्रोल लागते. म्हणजे बचत होत नाहीच, वर इंजिनाचा अडसर गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो.

ज्यांच्यावर आळ येतो

टायरमधली हवा सर्वांत आधी आठवते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकडेवारीनुसार चारही टायरमधली हवा १ पीएसआयने उतरली की मायलेज सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. सहा पीएसआय उतरली तरी सव्वा टक्का. म्हणजे १७ चे १२ हवेमुळे झालेले नाहीत. तरीही दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना हवा तपासायलाच हवी, कारण कमी हवेचा टायर महामार्गावर तापून फुटू शकतो. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असते. सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावणाऱ्या हवावाल्याचे ऐकू नये.

एअर फिल्टरचेही तसेच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांमध्ये फिल्टर तुंबल्यावर पिकअप घटला, पण मायलेजवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. कारण संगणक आत येणाऱ्या हवेनुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. फिल्टर वेळेवर बदलावा, पण मायलेजच्या आशेने नव्हे.

आता इथेनॉल. लिटरमागे त्यातली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के, तर आधीच्या ई१० पेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ई२० मुळे सहा ते सात टक्के घट होईल असा अंदाज होता. तक्रार खरी आहे, पण तिचे माप एवढेच. १७ चे १६ झाले तर इथेनॉलकडे बोट दाखवता येईल. १२ झाले तर आणखी कोणीतरी आहे.

खरे मोठे चोर

पहिला, चिकटलेला ब्रेक. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी राहिली की मागच्या ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात किंवा केबल अडकते. पुढच्या चाकांत कॅलिपरची पिन गंजून जाम होते. गाडी चालते, पण एक चाक सतत अडवलेले असते. ओळखायची खूण सोपी आहे. ब्रेक फारसा न लावता दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवावी आणि थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात न्यावा. हात लावू नये, भाजतो. एकच चाक इतरांपेक्षा खूप तापले असेल तर गाडी तडक मेकॅनिककडे न्यावी. तापलेल्या ब्रेकमधले तेल उकळले की पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये, चाकाला लाकडी ठोकळा लावून ठेवावी.

दुसरा चोर थर्मोस्टॅट. इंजिन ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटी झडप. ती उघडीच अडकली तर इंजिन कायम गार राहते आणि संगणक जादा पेट्रोल सोडत राहतो. ‘गाडी गरम होऊ नये म्हणून’ काही मेकॅनिक ती काढूनच टाकतात, त्याचाही परिणाम हाच. तापमानाचा काटा मधोमध पोचत नसेल, किंवा थंड इंजिनाचा निळा दिवा पूर्वीपेक्षा बराच वेळ जळत असेल, तर संशय इथे घ्यावा. नवा थर्मोस्टॅट बसवणे हे मोठे काम नाही.

तिसरा, सेन्सरचा घोटाळा. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण जमले की नाही ते सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो. तो म्हातारा झाला, तापमानाचा सेन्सर खोटे सांगू लागला किंवा इंजेक्टर ठिबकू लागला की पेट्रोल जास्त जाते. सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी, पेट्रोलचा वास, उभ्या गाडीचे इंजिन अडखळणे, इंजिनाचा पिवळा दिवा या त्याच्या खुणा. पीयूसीच्या कागदावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मागच्या वेळेपेक्षा वाढलेला दिसतो. हा वायू रंगहीन, वासहीन आणि जीवघेणा आहे. अशी गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये चालू ठेवून तपासू नये.

याशिवाय, इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या प्रमाणात पळत नाही असे वाटले तर क्लच प्लेट घसरत असते.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

‘गाडी पेट्रोल खाते’ एवढे सांगितले की अंदाजाने भाग बदलणे सुरू होते. त्याऐवजी तीन टाक्यांचे आकडे, महामार्गाच्या फेरीचा आकडा, कोणते चाक तापते आणि तापमानाचा काटा कुठपर्यंत जातो हे लिहून न्यावे. स्कॅनर लावायला सांगून दोन गोष्टी विचाराव्यात: गरम झाल्यावर कूलंटचे तापमान किती दिसते आणि ‘फ्युएल ट्रिम’ किती आहे. हा दुसरा आकडा संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतो आहे ते सांगतो. तो शून्याच्या आसपास हवा. उणे दहाच्या खाली कायम राहत असेल तर कुठून तरी जादा पेट्रोल येत आहे आणि संगणक ते कापू पाहतो आहे. काही बदलायचे ठरले तर एका वेळी एकच भाग बदलावा आणि पुढची टाकी पुन्हा मोजावी. आकडा सुधारला तर कारण सापडले. नाही सुधारला तर निदान तो भाग यादीतून वगळता येतो.