वॉशिंग्टनची फ्रीमेसन-वेशातील लोकचित्रे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२–९९) ह्यास फ्रीमेसन ह्या बंधुसंघटनेच्या वेशात दाखविणारी, एकोणिसाव्या शतकातील व्यक्तिचित्रे. ती बहुधा स्वयंशिक्षित, फिरत्या चित्रकारांनी व पाट्या रंगविणाऱ्या कारागिरांनी काढली.

वॉशिंग्टनला ४ नोव्हेंबर १७५२ रोजी व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्ग लॉजमध्ये दीक्षा मिळाली. १८ सप्टेंबर १७९३ रोजी कॅपिटॉल इमारतीची कोनशिला त्याने फ्रीमेसनांच्या विधीनुसार बसविली. तथापि १७९८ च्या एका पत्रात, गेल्या तीस वर्षांत आपण लॉजमध्ये एकदोनदाच गेलो असू, असे त्याने लिहिले आहे.

ॲलेक्झांड्रिया येथील लॉजसाठी विल्यम जोसेफ विल्यम्सने १७९४ मध्ये त्याला समोर बसवून काढलेल्या पेस्टल चित्रात चेहऱ्यावरील देवीचे व्रणही दिसतात. लोकचित्रांत ते सहसा नाहीत. कारण त्यांतील चेहरा गिल्बर्ट स्ट्यूअर्टच्या चित्रांवरून छापलेल्या प्रतींवरून घेतलेला असे. त्याखाली ॲप्रन, गुण्या व कर्कटक, हातोडी, दोन स्तंभ आणि काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी ह्यांची जोड दिली जाई. ठळक बाह्यरेषा, सपाट रंग व सदोष यथादर्शन ही ह्या चित्रांची वैशिष्ट्ये होत. प्रतीके मात्र काटेकोरपणे रेखाटलेली असत, कारण सदस्यांना ती वाचता येणे आवश्यक होते.

ह्या चित्रांमागे एक वादही होता. संघटनेची गुपिते प्रसिद्ध करू पाहणारा न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मॉर्गन १८२६ मध्ये नाहीसा झाला. त्यामुळे उसळलेल्या रोषातून फ्रीमेसनविरोधी पक्ष निर्माण झाला व १८३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने व्हरमाँट राज्य जिंकले. गुप्त संघटना प्रजासत्ताकाशी विसंगत आहे, ह्या आरोपाला फ्रीमेसन वॉशिंग्टनच्या नावाने उत्तर देत. उलट, पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर जोसेफ रिटनर ह्याने १८३७ मध्ये, वॉशिंग्टनला ह्या संघटनेचा निष्ठावंत अनुयायी मानणे चूक आहे, असे प्रतिपादन केले. पुढे संघटना सावरली आणि शतकाच्या उत्तरार्धात शिलामुद्रणामुळे हे रूप घरोघरी पोहोचले.

म्हणून ही चित्रे वॉशिंग्टनच्या दिनक्रमाचा पुरावा ठरत नाहीत. राष्ट्रपित्यावर आपला हक्क सांगू पाहणाऱ्या एका समाजगटाच्या आकांक्षेचा मात्र तो विश्वसनीय दस्तऐवज होय.