गार गाडी की उभी गाडी?

हिवाळ्याच्या सकाळी ट्रक लवकर उठत नसेल तर कारण शोधायची गरजच नाही, असं सगळे धरून चालतात. थंडी आहे, अजून काय! (आपल्या होस्टेलची पोरंही आठच्या लेक्चरला हेच कारण देतात आणि ते कधी कधी खपतंही.) पण मेकॅनिकलवाल्यांनी तरी एवढ्यावर थांबू नये. 'कोल्ड स्टार्ट' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रभरात इंजिन गार झालेलं असतं, ही एक. रात्रभर ते उभं असतं, ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी घडतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. प्रत्यक्षात त्यांचे रोग वेगळे, आणि खर्च तर फारच वेगळे.

माझ्या मामांचा ट्रक घ्या. सहा चाकी, डिझेल, बीएस-३ च्या काळातला, इनलाइन पंपाचा. मामा निफाड तालुक्यातले, लासलगावचा कांदा वाशीच्या मार्केटला नेतात. निफाडची थंडी पेपरात वाचली असेलच. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरणं तिथे नवीन नाही. सेम संपवून मी सुट्टीत गेलो तेव्हा गाडीची रोजची तऱ्हा ठरलेली होती. सेल्फ मारत राहायचं, बऱ्याच वेळाने इंजिन बोलणार, चार गचके खाणार, पांढरा धूर सोडणार, ॲक्सिलरेटर दाबला तर अडखळणार, कधी बंदच पडणार. दोन-तीन मिनिटांनी मात्र सगळं सुरळीत. मग दिवसभर तक्रार नाही.

गावातल्या एका गॅरेजवाल्याने धूर बघून निकाल दिला होता. कॉम्प्रेशन डाऊन आहे, हाफ इंजिन करावं लागेल. म्हणजे रिंगा, लायनर, बेअरिंग; ऐंशी हजारांच्या घरात खर्च आणि ऐन कांद्याच्या सीझनमध्ये आठ-दहा दिवस गाडी उभी. बँकेचा हप्ता अंगावर, त्यात मामा पतसंस्थेकडून आणखी पैसे उचलायच्या तयारीत. मला म्हणाले, "काय इंजिनिअर, एकदा तुझी पुस्तकं काय म्हणतात ते तरी बघ."

तर पुस्तक काय म्हणतं? डिझेलला स्पार्क प्लग नाही. हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. कॉम्प्रेशन रेशो १७ धरा, गॅमा १.४. पस्तीस अंशांची हवा आत घेतली तर कागदावर ती ६८० अंशांच्या वर जाते. पाच अंशांची घेतली तर ५९०. म्हणजे नुसत्या थंड हवेने फरक पडतो नव्वद-पंचाण्णव अंशांचा. डिझेलचं स्वयंप्रज्वलन तापमान प्रयोगशाळेत साधारण २१० ते २५० अंश भरतं. मग अडचण कुठे आहे? अडचण १.४ मध्ये आहे. सेल्फवर इंजिन शंभर-दीडशे आरपीएमने कसंबसं फिरतं. सिलिंडरच्या गार भिंती उष्णता ओढून घेतात, रिंगांच्या फटीतून हवा निसटायला भरपूर वेळ मिळतो. घातांक १.२५ वर आला की तेच ५९० अंश २९० वर येतात. तेवढ्यात डिझेल कागदावर पेटेल, पण प्रयोगशाळेत त्याला निवांत वेळ असतो, इंजिनमध्ये काही मिलिसेकंदच मिळतात.

यावरून थंडीचे खरे रोग कोणते ते कळतं. इंजिन हळू फिरणं (बॅटरी, केबल, घट्ट झालेलं ऑइल), कॉम्प्रेशन निसटणं, हीटर असेल तर तो बंद असणं, इंजेक्शनचं टायमिंग मागे सरकणं. हे सगळे रोग तापमानावर चालतात. गाडी उबदार जागी ठेवली तर त्रास कमी झालाच पाहिजे.

म्हणून मी बॉनेटला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला. "मामा, वाशीला माल उतरवल्यावर गाडी दिवसभर उभी असते, तेव्हा संध्याकाळी कशी उठते?"

"तिथंही तेच नखरे रे. उलट जास्तच."

वाशीला डिसेंबरच्या दुपारीही तीस अंशांच्या आसपास तापमान असतं. तिथेही गाडी तशीच रुसत असेल तर थंडीवर आळ घेण्यात अर्थ नाही. गाडीला उभं राहणं बाधतंय. शिवाय येताना कसारा घाट चढताना ओढ कमी झालेली नाही, ऑइल पीत नाही, ब्रीदरमधून भकाभका धूर नाही. कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन इतकं शहाण्यासारखं वागत नाही.

उभ्या गाडीत रात्रभर काय घडतं? ट्रकची टाकी चासीला खाली लटकलेली, पंप आणि फिल्टर वर. मधल्या पाइपातलं डिझेल फीड पंप ओढून वर आणतो, म्हणजे त्या भागात दाब वातावरणापेक्षा कमी. तिथे बारीकशी चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवाच आत शिरते. खाली ओल दिसत नाही, वास येत नाही. गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं. सकाळी पंपाच्या हाती हवा. नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. प्लंजर हवा नुसतीच दाबतो आणि सोडतो, नोझल ढिम्म. आपल्या आयसी इंजिन लॅबमध्ये ब्युरेट रिकामं होईपर्यंत रीडिंग घेत बसलं की इंजिन आचके देऊन बंद पडतं आणि लॅब असिस्टंट आपला उद्धार करतात, तोच हा प्रकार. ड्रायव्हर लोक याला 'गाडीने एअर घेतली' म्हणतात.

मग तपासणी. पहिल्या सकाळी आधी बॅटरीला मल्टिमीटर लावला. चोवीस व्होल्टची सिस्टिम सेल्फ मारताना वीसच्या वर टिकून होती, फिरण्याचा वेगही चांगला. तो मुद्दा निकालात निघाला. मग मी सायलेन्सरपाशी उभा राहिलो आणि मामांनी सेल्फ मारला. पहिले आठ-दहा सेकंद धूरच नाही! ही बारीक गोष्ट फार महत्त्वाची. इंजिन फिरतंय, पांढरा धूर येतोय, पण पेटत नाही, याचा अर्थ डिझेल पोचतंय, उष्णता कमी पडतेय. धूरच नाही, याचा अर्थ डिझेलच पोचत नाही. गॅरेजवाल्याने जो पांढरा धूर बघितला तो नंतरचा. एकेक सिलिंडर अडखळत जागं होताना निघणारा. धुराचा रंग सगळे बघतात, त्याची वेळ कुणी बघत नाही.

दुसऱ्या सकाळी सेल्फला हात न लावता फीड पंपावरचा हातपंप मारायला घेतला. सुरुवातीला नुसता पोकळ, पंधरा-वीस दांडे झाल्यावर जड लागायला लागला. मग सेल्फ मारला आणि गाडी लगेच उठली. गचका नाही. थंडी तीच, इंजिन तेच, रिंगाही त्याच. मामा माझ्याकडे बघतच राहिले. खरं सांगायचं तर व्हायव्हात पहिला आल्यासारखं वाटलं.

उरलं चीर शोधणं. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली तर चालू इंजिनात बुडबुड्यांची माळ दिसली. संध्याकाळी टाकीची लाइन सोडवून, स्वच्छ डिझेलचा कॅन वर बांधून तिथून नळी दिली. सकाळी हातपंप न मारता गाडी उठली. म्हणजे पंप, नोझल, इंजिन सगळं ठीक. दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच पट्ट्यात. प्री-फिल्टरपाशी क्लिपखालची रबरी होज कडक होऊन भेगाळली होती. ती बदलली, बँजो बोल्टचे पुन्हा पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर नवीन टाकले. चारशे-साडेचारशे रुपये आणि एक दुपार. पतसंस्थेचा अर्ज मामींनी चुलीत घातला.

नव्या गाड्यांबद्दल दोन शब्द. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. या कॉमन रेल इंजिनांत क्रँकिंगच्या वेळी रेलमध्ये ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडूच देत नाही. त्यामुळे तिथे थोड्याशा हवेनेही सेल्फ लांबतो. स्कॅनरवर रेल प्रेशर हळूहळू चढताना दिसलं तर शोध पुन्हा टाकीकडून सुरू करायचा. फक्त जुन्या गाडीसारखं हाय प्रेशर पाइपाचा नट सैल करून एअर काढायला जाऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं आणि मग गॅरेजऐवजी सर्जनकडे जावं लागतं.